‘जेवण झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर

वडिलांचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की दप्तर आत टाकून मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचो. तासाभरात कानावर काय काय पडायचं! पंढरपूरकडचं गिऱ्हाईक पायरी चढतानाच ‘राम कृष्ण हरी’ म्हणायचं. अक्कलकोटकडून आलेले काका ‘नमस्कार री, आराम अदीरी?’ म्हणत चपला काढायचे. पूर्व भागातले विणकर ‘बागुन्नारा?’ करत यायचे. शेजारचे टेलरचाचा ‘सलाम वालेकुम’, कोणी ‘जय भीम’, कोणी ‘राम राम’, आणि थोरल्या भावाचे मित्र रस्त्यावरूनच ‘काय बे!’. वडील प्रत्येकाला ज्याचं त्याला परत द्यायचे. आपल्या बाबांना मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं येतं असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मोठा झाल्यावर कळलं की त्यांना त्या भाषांतली पहिली दोन वाक्यंच येत होती. एक विचारायचं आणि एक उत्तराचं. पुढे सगळा व्यवहार मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत चालायचा. पण ती दोन वाक्यं झाल्याशिवाय घडी उलगडून चादर दाखवलेली मी कधी पाहिली नाही.

त्या दोन वाक्यांत असं काय असतं, हे मला समजावून सांगायचंय. जगभर लोक एकमेकांना काय काय म्हणतात याच्या याद्या पुष्कळ मिळतात: अमक्या देशात हे, तमक्या देशात ते. त्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. शब्द मुळात कशासाठी आहे हे कळलं, की यादीतला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटायला लागतो.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक कन्नड अज्जी राहायच्या. दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा दुपारी त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं: नाही झालं, आई बाजारात गेलीय. अज्जींनी हात धरून आत नेलं, कडक भाकरी मोडली, वर शेंगाचटणी घातली, तेल सोडलं आणि समोर बसून खाऊ घातलं. आई आल्यावर मला ओरडा बसला. ‘अरे, असं कोणी विचारलं की हो झालं म्हणायचं असतं!’ मला ते मुळीच पटलं नाही. विचारतात तर खरं का सांगायचं नाही?

याचं उत्तर ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली दिलेलं आहे. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून त्याने तिथल्या लोकांचं जगणं आणि बोलणं अभ्यासलं होतं. त्याचं म्हणणं असं, की माणसं नेहमी काही सांगण्यासाठीच बोलतात असं नाही. पुष्कळ बोलणं निव्वळ एकमेकांशी जोडलेलं राहण्यासाठी असतं. आज ऊन फार आहे, कुठं निघालात, काय चाललंय, यांत माहिती जवळजवळ शून्य असते. पण समोर आलेला माणूस गप्प राहिला तर आपण सावध होतो, बिचकतो. तो बोलला की जीव खाली बसतो. या बोलण्याला त्याने ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. मी त्याला जवळिकीचं बोलणं म्हणतो. म्हणून ‘ऊट आय्ता?’ला ‘आय्तु, निम्दु?’ (झालं, तुमचं?) एवढंच म्हणायचं असतं.

जेवणाचं विचारून भेट सुरू करणारे आपण एकटे नाही. चीनमध्ये ‘नी हाव’ म्हणजे ‘तू बरा’ हे पाठ्यपुस्तकात आधी शिकवतात, पण गल्लीतली म्हातारी माणसं ‘छ्र ल मा?’ विचारतात. अर्थ तोच, खाल्लं का? कोरियात भात खाल्ला का असं विचारतात, थायलंडमध्येही. तेलुगूत ‘अन्नं तिन्नावा?’ आहेच. एकेकाळी पोटभर अन्न मिळणं गृहीत नव्हतं म्हणून हा प्रश्न आला, असं कारण सांगतात. ते मला पटतं, कारण आमचा जिल्हा दुष्काळाचा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आमच्या नात्यात होती. पण दुसरंही कारण आहे. जेवणाचा प्रश्न कोणालाही अडचणीत टाकत नाही. पगार विचारला तर माणूस चपापतो, मुलीच्या लग्नाचं विचारलं तर दुखावतो. जेवलात का, याचं उत्तर श्रीमंत-गरीब दोघांनाही दोन अक्षरांत देता येतं.

‘कुठं निघालात?’ हाही तसलाच. इंडोनेशियात, थायलंडमध्ये रस्त्यात भेटलेल्याला हेच विचारतात. तिथे गेलेल्या युरोपीय माणसाला वाटतं, यांना काय करायचंय मी कुठे का जाईना! आपल्याला तसं वाटत नाही, कारण ‘हे काय, जरा पुढं’ हे उत्तर आपल्या तोंडात तयार असतं. मंगोलियातले मेंढपाळ जनावरं धष्टपुष्ट आहेत ना असं विचारतात. इंग्रजीत तर ‘हाऊ डू यू डू?’ या प्रश्नाचं रीतसर उत्तर म्हणजे तोच प्रश्न परत. प्रश्नाचा वेश घातलेला तो नमस्कारच आहे.

आता दुसरं घराणं. यात प्रश्न नसतो, समोरच्याचं भलं चिंतलेलं असतं. टेलरचाचांचा सलाम घ्या. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणजे शांती असो तुमच्यावर. उत्तर ‘व अलैकुमुस्सलाम’, म्हणजे आणि तुमच्यावरही शांती. शब्द उलटे होतात हे लक्षात घ्या. पहिला शांतीपासून निघून माणसापर्यंत येतो, दुसरा माणसापासून निघून शांतीपर्यंत. हिब्रूतही अगदी असंच: ‘शालोम अलेखेम’, उत्तर ‘अलेखेम शालोम’. अरबी आणि हिब्रू एकाच कुळातल्या भाषा. सलाम आणि शालोम सख्खी भावंडं आहेत. कुराणात सांगितलंय की कोणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं उत्तर द्या, निदान तेवढं तरी परत करा. आयरिश भाषेतली रीत मला याच्याशी जुळणारी वाटते. पहिला म्हणतो ‘देव तुला असो’, दुसरा म्हणतो ‘देव आणि मेरी तुला असो’. घेतलं त्यात थोडं घालून परत दिलं. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्या घरात शिकवतात तसंच.

रशियन ‘झ्द्रास्त्वुयत्ये’ म्हणजे निरोगी राहा. रोमन लोकांचं ‘साल्वे’ म्हणजे बरा राहा. आजचे ग्रीक ‘या सू’ म्हणतात, त्याचा अर्थ तुला आरोग्य. न्यूझीलंडमधले माओरी ‘किया ओरा’ म्हणतात: जिवंत राहा, खुशाल राहा. श्रीलंकेत विमानतळावर उतरलात की सिंहली भाषेत ‘आयुबोवन’ ऐकू येतं आणि मराठी कानाला आतलं ‘आयु’ लगेच सापडतं. दीर्घायुषी व्हा, म्हणजे आपलं ‘आयुष्मान भव’.

थायलंडच्या ‘सवात्दी’ची गोष्ट तर जवळून बघण्यासारखी आहे. ऐकताना ओळख पटत नाही, पण थाई लिपीत तो शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांत ‘स्वस्ति’ स्पष्ट दिसतो. सु म्हणजे चांगलं, अस्ति म्हणजे आहे. स्वस्तिक आणि जुन्या पत्रांच्या माथ्यावरचं ‘स्वस्ति श्री’ यांतला तोच शब्द. तो तिथल्या बोलीत पुरातन काळापासून होता असं मात्र नाही. 1930 च्या दशकात बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठातले एक भाषापंडित, फ्राया उपाकित सिल्पसान, यांनी तो अभिवादनासाठी वापरायला सुरुवात केली आणि 1943 मध्ये सरकारने तो अधिकृत केला. त्याआधी माणसं जेवलात का, कुठे चाललात असंच विचारत असत. शंभर वर्षंही न झालेला शब्द आज थायलंडची ओळख होऊन बसलाय. पुरुष त्याच्यापुढे ‘ख्राप’ जोडतो, बाई ‘खा’.

नवेपणाचं बोलायचं तर आपलं ‘हॅलो’सुद्धा फार जुनं नाही. इंग्रजीत ते लिहिलेलं सापडतं ते 19 व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि तेव्हा ते हाक मारायला किंवा आश्चर्य वाटलं तर म्हणत. टेलिफोन आला तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना खलाशांची आरोळी ‘अहॉय’ पसंत होती. थॉमस एडिसनने 1877 च्या ऑगस्टमध्ये एका पत्रात ‘हॅलो’ सुचवलं. हा शब्द दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो, असं त्यात लिहिलं. टिकला तो एडिसनचा शब्द, आणि तारेवरून जगभर गेला.

पण फोनवरचं हॅलो हा नमस्कार आहे का? 1968 साली इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने सुमारे 500 फोनसंभाषणांची सुरुवात तपासली. फोन उचलणाराच आधी बोलतो, असा नियम त्याला दिसला. मोडला तो फक्त एका संभाषणात. त्यावरून त्याने दाखवलं की फोनची घंटा हीच हाक असते, आणि उचलणाऱ्याचं ‘हॅलो’ हा त्या हाकेला दिलेला होकार. हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले. ते कधीच हॅलो म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावून म्हणायचे, ‘हां, बोला.’ घंटेला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

सोलापुरात राहून यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही असा माणूस विरळा. मी वडिलांबरोबर माल बघायला जायचो. आत शिरल्या शिरल्या धोट्याची खटखट अशी अंगावर येते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे नमस्कार, राम राम काही चालत नाही. विणकर मान वर करतो, नजर मिळते, भुवया उंचावतात, हनुवटी किंचित उचलली जाते. आपणही तसंच करतो. पाव सेकंदाचं काम. पुन्हा त्याची नजर ताण्यावर. त्या पाव सेकंदात सांगितलं जातं ते एवढंच: तू दिसलास. दक्षिण आफ्रिकेतले झुलू लोक हेच शब्दांत म्हणतात. ‘सावुबोना’ म्हणजे ‘आम्ही तुला पाहतो’, आणि उत्तर ‘येबो’, म्हणजे हो. बोलणारा एकटा असला तरी क्रियापदात ‘आम्ही’ असतो. माओरीत ‘तेना क्वे’ म्हणतात, शब्दशः ‘तो तू तिथे’. समोर दोघे असतील तर ‘तेना कोरुआ’, तिघे किंवा जास्त असतील तर ‘तेना कोउतोउ’. संस्कृतमधलं द्विवचन शाळेत ज्यांना छळून गेलं त्यांना यात गंमत वाटेल. तिथे किती जण दिसले हेही नमस्कारातच सांगावं लागतं.

कामात असलेल्या माणसासाठी तुर्की भाषेत वेगळं वाक्य आहे, ‘कोलाय गेल्सिन’. सोपं जावो. रस्ता झाडणारा, भिंत बांधणारा, हिशेब लिहिणारा, कोणाजवळून जाताना हे म्हणून पुढे जायचं. फारसीत ‘खस्ते नबाशीद’, थकू नका. आपल्याकडे असं काही नाही असं मी बरेच दिवस समजत होतो. मग एकदा मागाशेजारून जाताना वडिलांच्या तोंडून सहज निघालं: ‘चालू द्या, चालू द्या.’ हात वर करून, न थांबता. मी मध्ये आलोय पण तुमच्या कामाचा खोळंबा करत नाही. हेही अभिवादनच, फक्त ते कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण अभिवादनातून आणखी एक गोष्ट ठरत असते: कोण वर, कोण खाली. व्हिएतनामी भाषेत ‘चाव’ एवढ्यावर भागत नाही. पुढे थोरला भाऊ, थोरली बहीण, धाकटं, आजोबा असा नात्याचा शब्द लावायचा असतो. समोरच्याचं वय हेरल्याशिवाय तिथे नीट नमस्कार करता येत नाही. आपण अनोळखी रिक्षावाल्याला ‘मामा’ आणि भाजीवालीला ‘अक्का’ म्हणतो त्यातलाच प्रकार. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारी मुलं वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणतात, त्याचा अर्थ पाय धरतो असा सांगतात. मोठी माणसं ‘मरहबा’ म्हणून तो स्वीकारतात. इटलीचं ‘चाव’ आज तरुण मुलं कॉफी पिता पिता म्हणतात. व्हेनिसच्या बोलीतल्या ‘गुलाम’ या अर्थाच्या शब्दापासून ते आलंय: मी आपला दास. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात मित्र एकमेकांना ‘सेर्वुस’ म्हणतात, तो लॅटिनमधला दासच. दोन्ही बाजूंनी म्हणता म्हणता त्यातली गुलामी झिजून गेली.

दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढं आहे. 14 व्या शतकात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा तिथे गेले; त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे. ‘जोहार मायबाप जोहार’ हे त्यांच्या अभंगातले शब्द मराठी माणसाला माहीत आहेत. महार माणसाने वरच्या जातीच्या माणसापुढे उभं राहून जोहार म्हणायचा, असा शतकांचा दंडक होता. समोरून जोहार परत येत नसे. तिथेच सगळा अन्याय होता. शब्दात नव्हता, कारण झारखंडचे आदिवासी आजही एकमेकांना मानाने ‘जोहार’ म्हणतात आणि तो तसाच परत मिळतो. इथे मात्र तो एकाच दिशेने जायचा, आणि माणसांनी तो टाकला. 1930 च्या दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ रूढ केलं, असं श्रेय त्यांना दिलं जातं. ‘जय भीम’चं उत्तर ‘जय भीम’. मंत्र्याने म्हटलं तरी आणि सफाई कामगाराने म्हटलं तरी अक्षर बदलत नाही, मान किती वाकवायची हा प्रश्नच येत नाही. अभिवादन बदलणं ही केवढी मोठी गोष्ट असू शकते हे मला कुठल्या ग्रंथातून कळलेलं नाही. दुकानाच्या पायरीवर हा शब्द ताठ मानेने उच्चारणारी माणसं पाहिली आणि वडिलांनी तो तितक्याच मोठ्याने परत दिलेला ऐकला, त्यातून कळलं.

आषाढीला वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेही असंच वाचायला हवं. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो, पोरगा त्याच्या. कोणाचा हात आधी पोहोचतो एवढाच फरक. दोघंही ‘माऊली’.

परदेशी भाषेतला नमस्कार शिकणाऱ्याला मी एवढंच सांगेन की उत्तर आधी शिका. जपानी ‘कोन्निचिवा’ म्हणजे नुसतं ‘आजचा दिवस तर…’ असं अर्धं वाक्य आहे. पुढचं कोणी बोलत नाही, कोणाला गरजही वाटत नाही. अर्थ शोधत बसलात तर हाती अर्धंच वाक्य राहतं. परत कसं द्यायचं ते येत असलं की दार उघडतं, वडिलांचं उघडायचं तसं.

आणि निरोप. मराठीत आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरचे ‘या’ म्हणतात. सोलापुरात राहून मला कळलं की ही रीत एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, जाऊन येतो. तेलुगूत ‘वेळ्ळोस्तानु’, जाऊन येतो. शब्द तिन्ही वेगळे, पण जाण्यावर वाक्य संपवायला तिन्ही भाषा तयार नाहीत. फ्रेंच आणि जर्मन माणूसही पुन्हा भेटेपर्यंत असंच म्हणतो, चिनीही ‘त्साय च्येन’, पुन्हा बघू. इंग्रजीतलं ‘गुडबाय’ हे ‘देव तुमच्याबरोबर असो’ या वाक्याचं झिजून राहिलेलं रूप आहे.

एकाच घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही. जिथे माणूस गेलेलं असतं तिथून. तिथे शिरताना नमस्कार नसतो, निघताना शब्द नसतो. बसायचं, उठायचं, चपला घालायच्या. अज्जी गेल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही सगळे समोरच्या खोलीत जाऊन बसलो आणि तसेच न बोलता परत आलो. मध्ये अंगण आठ पावलांचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटली नव्हती. आईने भात टाकला, आमटी केली, डबा भरला आणि समोर गेली. आई त्या घराशी आयुष्यभर मराठीतच बोलत आली होती. दारात उभी राहून, डबा पदराखाली धरून, अज्जींच्या सुनेला तिने हळूच विचारलं, ‘ऊट आय्ता?’ सून म्हणाली, ‘इल्ला.’ नाही.

आई आत गेली.